बाराव्या सरीला धाड भरत नाही

मंजुषाच्या बटाट्यांना काहीच होत नव्हतं, म्हणून ती रडकुंडीला आली होती.

सायखेड्याच्या त्या तुकड्यात अकरा सऱ्या नव्या वाणाच्या होत्या: करपा रोगाला दाद न देणारा, अंगात लोह जास्त. बारावी सरी जुन्या वाणाची. तिने फक्त आजारी पडायचं होतं. ती आजारी पडल्याशिवाय नवा वाण निरोगी, हे सिद्ध कसं व्हायचं? आज प्रयोगाचे प्रमुख सर पाहणीला येणार होते. पुरावा नाही, तर प्रयोग बंद.

*नोंद, दिवस ५२ : धुकं. करपा नाही.*

*दिवस ५५ : दव, ढग. करपा नाही. देवा!*

*दिवस ५८ :*

"पोरी, तोंड का पाडलंस?" शेजारचे गोटीरामकाका बांधावर टेकले.

"बाराव्या सरीत रोग येत नाही, काका!"

"येईल कसा? दर चौथ्या दिवशी पंप मारतोय मी."

वहीवरचं पेन थांबलं. "कशाला?"

"बाकीच्या लय तगड्या. तेवढी एकच अशक्त दिसली. म्हटलं, पोर एकटी हाय, गुपचूप मदत करावी. द्राक्षाचं औषध हाय, अस्सल!"

"आणि या अकरा सऱ्यांवर?"

"थेंब नाय! दुसऱ्याच्या पिकाला उगाच कशाला हात लावू?"

तेवढ्यात सरांची जीप आली आणि बांधापलीकडून काकांच्या बायकोचा, भागुबाईंचा आवाजही. "अहो, आपले बटाटे जळाले! लोकाच्या सरीला औषध, आन् घरच्याला ठणठणाट!"

"संपलं ना ते," काका पुटपुटले.

घरचे बटाटे! लागवडीच्या दिवशी उरलेलं जुन्या वाणाचं बियाणं मंजुषानेच भागुबाईंना दिलं होतं. तिने बांधावरून उडी मारली. पानं काळी, खालून पांढरी बुरशी.

"करपा! सर, करपा! तोच वाण, तीच तारीख, औषध नाही!"

"आमचं पीक मेलं आन् ही नाचतेय," भागुबाईंनी कमरेवर हात ठेवले.

सरांनी काळा वाफा पाहिला, बांधापलीकडच्या हिरव्यागार अकरा सऱ्या पाहिल्या आणि काकांची पाठ थोपटली. "वा! इतका चांगला करपा फार दिवसांनी पाहिला."

काका चक्क लाजले.

*दिवस ५८ : जुना वाण, मेला. नवा वाण, ठणठणीत. तुलनेची जागा : गोटीरामकाकांचा वाफा. प्रयोग चालू.*

खालचा मजकूर भागुबाईंनी समोर उभं राहून मंजुषाकडून लिहून घेतला :

*नव्या बटाट्यांची पहिली पाटी आमची. पंप माझ्या कोठीत, कुलपात.*