हा आकडा कुणाचा?

आमच्या साळवे मॅडमना डब्यात किती पोळ्या आणल्या असं विचारलं, तर त्या आकडा सांगत नाहीत. "पप्पांनी सकाळी जितक्या खाल्ल्या त्याहून एक जास्त," असं सांगतात. म्हणजे म्हाताऱ्याचं पोट बिघडलं की ही बाई दुपारी एका पोळीवर. एकदा पप्पांना दुपारी लग्नाचं जेवण होतं म्हणून सकाळी ते काहीच खाऊन गेले नाहीत, तर मॅडमनी खरोखर एकच पोळी आणली आणि संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये माझे शेंगदाणे संपवले. वर म्हणाल्या, "शिंदे, हिशोब बरोबरच होता."

सुप्याच्या एमआयडीसीत आमची कंपनी कांद्याचं ग्रेडिंग करायची मशिनं बनवते. बारका कांदा एकीकडं, मोठा दुसरीकडं, मधला तिसरीकडं. एस्तर साळवे मॅडम डिझाइनच्या प्रमुख आणि मी खाली शॉपवर सुपरवायझर. त्यांनी कॉम्प्युटरवर मशीन काढायचं आणि मी ते कापून, वाकवून, वेल्डिंग मारून उभं करायचं. इतकी वर्षं हेच चाललंय, त्यामुळं आमची भांडणंसुद्धा दोघांना पाठ आहेत.

आता ह्या बाईचं खूळ समजायचं तर थोडं कॉम्प्युटरचं ऐकून घ्यावं लागेल, घाबरू नका. मशीन काढायचं म्हणजे एकापाठोपाठ एक स्केच काढत जायचं. त्यात काही मापं आपण देतो आणि काही आपोआप निघतात. रोलरची लांबी दिली, पत्र्याची जाडी दिली, की दोन बाजूंमधलं अंतर निघतं. तेच अंतर पुढच्या स्केचला लागतं. तुम्ही-आम्ही काय करू? वाचू आणि तिथं टाइप करू. साळवे मॅडमच्या राज्यात हा गुन्हा आहे. त्यांचं म्हणणं, निघालेलं माप टाइप करायचं नाही, पहिल्या स्केचमधून उचलून दुसऱ्याला जोडायचं. मग उद्या रोलर लांबला तर पुढचं सगळं आपल्या पायानं लांबत जातं. हातानं टाइप केलेल्या मापाला त्या 'बेवारस' म्हणतात. चष्मा नाकावर खाली ओढून कुणाच्याही खुर्चीमागं येऊन उभ्या राहणार, स्क्रीनवर बोट ठेवणार आणि म्हणणार, "हा आकडा कुणाचा? बापाचं नाव सांगा."

निखिल नावाचा इंजिनिअर नवीन आला होता. पुण्यात शिकलेला, बोलायला फटाकडा. त्यानं मशीनचं झाकण काढलं आणि घाईत माप टाइप करून मोकळा झाला. पुढं गिऱ्हाइकाला रोलर लांब पाहिजे झाला. मॅडमनी एक आकडा बदलला, अख्खं मशीन रुंद झालं, झाकण मात्र होतं तिथंच बसलं. माझ्या पोरांनी ते छापलेल्या ड्रॉइंगप्रमाणं इमानेइतबारे बनवलं. बसवायला गेलो तर थोरल्याला धाकट्याची टोपी घातल्यासारखं दिसायला लागलं. मॅडम खाली आल्या, झाकणाकडं बघितलं आणि निखिलला म्हणाल्या, "बघ, पोरकं पोर कसं उघडं पडलंय." त्या दिवसापासून तो पोरगा टाइप करायच्या आधी मान वळवून मागं बघतो.

पण मॅडमचंही शेण खाऊन झालेलं आहे बरं का. ते मी मुद्दाम सांगणार.

कॅन्टीनला नवी बाकं पाहिजे होती. मालक म्हणाले, मॅडम, तेवढं ड्रॉइंग टाका. बाईनं काय करावं? मशीनवर कांदा निवडणाऱ्या बायका बसतात त्या फळीची उंची उचलली आणि बाकाला जोडून दिली. का, तर "बसणाऱ्याचा गुडघा दोन्हीकडं सारखाच असतो." मुद्दा बिनतोड होता. पण त्याच आठवड्यात घोडेगावच्या एका व्यापाऱ्यानं हट्ट धरला, आमच्या बायका अर्ध्या उभ्यानं, नुसतं टेकून काम करतात, फळी वर घ्या. मॅडमनी फळी वर घेतली. तिकडं कॉम्प्युटरच्या पोटात बाकही गुपचूप वर गेलं आणि मी त्याच दिवशी त्याचं ड्रॉइंग छापून घेतलं. बाकं तयार झाली त्या दुपारी सगळा स्टाफ त्यांच्यावर चढून बसला, सगळ्यांचे पाय लोंबकळायला लागले. मालक स्वतः बसले आणि शाळेतल्यासारखे पाय हलवत भाकरी खायला लागले. मी म्हटलं, "मॅडम, आता बोला." तर ही बाई काय म्हणाली असेल? "बाक बरोबर आहे. मशीन बदलल्याचं तुमच्या लक्षात आलं नाही." आता काय कपाळ फोडून घ्यायचं! ती बाकं कापायला मला अर्धा दिवस लागला.

तर अशी ही बाई. लग्न केलं नाही. धाकटा भाऊ सुहास पुण्याला असतो. नगरला सावेडीत दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये त्या आणि त्यांचे पप्पा. पप्पा रेल्वेत गार्ड होते, श्रीरामपूरचे. गाडी सुटताना डब्याच्या दारात ताठ उभं राहून झेंडी दाखवण्यात जन्म गेलेला माणूस.

ते पप्पा बाथरूममध्ये पडले. हाड मोडलं नाही, पण सुहासनं फोन करून सांगितलं, "ताई, तू दिवसभर सुप्याला, ते घरात एकटे. रविवारी येतो आणि पप्पांना घेऊन जातो." मॅडमनी खूप घासाघीस केली. शेवटी तो एवढंच कबूल झाला, की पप्पा त्याच्यासमोर एकटे उठले आणि कुणाचा हात न धरता बाथरूमला जाऊन आले, तर राहू देत.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मी गंमत करायला गेलो, "काय मॅडम, आज किती पोळ्या?" तर त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "शिंदे, पप्पा गेले तर मी कुणावरून मोजू हो? मला घरी जायचं तरी कशाला?" मी शेंगदाण्यांची पुडी काढून त्यांच्यापुढं धरली.

पण रडत बसणाऱ्यातली ती बाई नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी अख्खा ब्लॉक कॉम्प्युटरवर काढला. पलंगाजवळ धरायला दांडा, पॅसेजमध्ये भिंतीला दांडा, बाथरूममध्ये दोन, एक खुर्ची, एक कमोडची बैठक. मला बोलावून अभिमानानं दाखवलं, "एकच माप दिलंय, पप्पांची उंची. काल टेप लावून घेतली, सतराशे तीस मिलिमीटर. बाकी सगळं तिच्यातून निघालंय." मालकांनी उरलेला स्टीलचा पाइप घ्या म्हणून सांगितलं. माझ्या पोरांनी साळवे मॅडमच्या नावानं बोटं मोडत, पण झकास काम करून दिलं.

गुरुवारी संध्याकाळी मी आणि एक वेल्डर जाऊन सगळं बसवून आलो. मॅडम आत चहा करत होत्या. म्हटलं, काका, उठून बघा. काका पलंगावरून उठले, दांड्याला हात घातला, आणि खांदा पार कानाला टेकला. एसटीत उभ्यानं जाणाऱ्या माणसासारखे लोंबकळायला लागले. खुर्चीत बसवलं तर टाचा जमिनीला टेकेनात. मी कपाळाला हात लावला. रविवार तीन दिवसांवर.

"काका, असं कसं झालं?"

म्हाताऱ्यानं स्वयंपाकघराकडं बघितलं आणि मला जवळ ओढलं. "हळू बोला भाऊ, ती आत हाय. तिनं टेप लावला ना, तवा मी जरा ताठ उभा राहिलो. आन् टाचा बी उचलल्या थोड्या."

"अहो, पण का?"

"मी पडलो म्हनून आधीच लई घाबरलीय ती. त्यात बाप बुटका बी झाला, हे तिला कशाला कळू द्यायचं? तुमी गपचूप करून द्या कायतरी. तिला सांगू नका."

हसावं का म्हाताऱ्याच्या पाया पडावं, मला कळेना. मी दाराच्या चौकटीपाशी नेऊन त्यांना सैल उभं केलं, टाचा खाली आहेत ना ते वाकून बघितलं आणि माप घेतलं. सोळाशे चाळीस.

शुक्रवारी सकाळी डिझाइनमध्ये गेलो. म्हटलं, "मॅडम, दांडे वर लागलेत. काकांचं माप मी पुन्हा घेतलंय. सोळाशे चाळीस." मी तयारीत होतो, की आता ही बाई विचारणार, हा आकडा कुणाचा, कसा आला, टेप कुठला. काहीच विचारलं नाही. नुसतं "बरं" म्हणाल्या आणि फाइल उघडली.

एक चौकट होती, तिच्यात सतराशे तीस. ते खोडायचं, सोळाशे चाळीस टाकायचं, एंटर मारायचं. पुढचं सगळं आपोआप. ह्याच एका गोष्टीसाठी बाईनं आयुष्यभर आमचं डोकं खाल्लं होतं. आणि आता बोटं कीबोर्डवर ठेवून नुसत्या बसून राहिल्या.

"टाका ना मॅडम."

"हं."

पण हात हलेना. मग हळूच म्हणाल्या, "मी सोळाशे साठ आहे, शिंदे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"ते माझ्यापेक्षा उंच आहेत हो," त्या म्हणाल्या. "मला लहानपणी खांद्यावर बसवून गाडी दाखवायचे. मला हे नाही टाकता येत. तुम्ही टाका."

त्यांनी खुर्ची सरकवली. मी माझ्या ग्रीस लागलेल्या बोटानं आकडा टाकला आणि एंटर मारलं. स्क्रीनवर सगळं एकदम हललं. पलंगाजवळचा दांडा खाली आला, पॅसेजमधला आला, बाथरूममधले आले, खुर्ची बसकी झाली, कमोडची बैठक खाली गेली. एकही माप मागं राहिलं नाही. मॅडम बघत होत्या, आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. मी म्हटलं, "कॅन्टीनचं बाक नाही ना ह्याला जोडलं?" तर रडता रडता हसल्या आणि मला गाढव म्हणाल्या.

शनिवारी सगळं काढून परत बसवलं. रविवारी चर्च सुटल्यावर सुहास आला. मॅडमनी मलाही बोलावून घेतलं होतं, एखादा नट ढिला झाला तर म्हणून. काका खुर्चीतून उठले, दांडा धरला, भिंतीभिंतीनं गेले, आत जाऊन आले आणि परत येऊन खुर्चीत बसले. वर सुहासला म्हणाले, "बघितलंस का? आता तू गाडी सोड." सुहास चांगला पोरगा आहे, उगीच नावं ठेवणार नाही. त्यानं स्वतः जाऊन एकेक दांडा हलवून बघितला, मग ताईच्या खांद्यावर हात ठेवला आणि जेवायला काय केलंय ते विचारलं.

मी निघालो तशा मॅडम जिन्यापर्यंत सोडायला आल्या.

"शिंदे, दिवाळीनंतर पुन्हा मोजावं लागेल. या तुम्ही."

"मी कशाला हो? तुमच्या घरातलाच माणूस, तुम्हीच मोजा की."

"नको," त्या म्हणाल्या. "मी टेप धरला की ते टाचा उचलतात. मागच्या वेळीही दिसलं होतं मला, पण खाली ठेवा म्हणवलं नाही."