फक्त होय किंवा नाही

आसरखेडच्या जिल्हा परिषद शाळेत नीलम वानखडे मॅडमनी व्हिडिओ कॉलवर वर्ग कसा घ्यावा याचा ऑनलाइन कोर्स केला, तो शाळेच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून. गावात रेंज तेवढ्या एकाच जागी. उन्हात मोबाइलचा पडदा दिसेना, म्हणून त्या डोक्यावरून ओढणी घेत आणि मोबाइलसकट तिच्या आत शिरत. खालून जाणाऱ्या बायांना वाटे, मॅडम वर जाऊन रडतात. एकीनं तर जिन्यापाशी येऊन विचारलं, "मॅडम, सासूचं काही हाय का?" मॅडम ओढणीतूनच म्हणाल्या, "नाही हो, मायक्रोफोनचं आहे."

बाई मोठी चिवट. बडनेऱ्याहून रोज एस.टी.नं यायचं, चार वर्ग एकटीनं सांभाळायचे आणि मधल्या सुट्टीत गच्ची गाठायची. कॅमेरा कुठं ठेवायचा, मागच्या पोराचा आवाज पुढं कसा पोचवायचा, एकजण बोलताना बाकीच्यांनी काय करायचं, हे सगळं त्यांनी पोरांना चपलेच्या खोक्याचा कॅमेरा करून शिकवलं. पुढं महिनाभर आसरखेडची पोट्टी गल्लीत भांडतानाही आधी हात वर करत आणि मग "माझा माइक चालू आहे का?" असं विचारून शिव्या देत. गावानं एवढी शिस्त कधी पाहिली नव्हती.

एवढा आटापिटा करायला कारण होतं. गावात कॉन्व्हेंटची पिवळी बस यायला लागली होती. शाळा समितीचा अध्यक्ष देवमन इंगळे, आणि शाळेतून पोरीचं नाव काढायला सगळ्यात पुढं तोच. तो गेला की त्याच्यामागं आणखी चार घरं जाणार, आणि मग उरलेली पोरं दुसऱ्या गावच्या शाळेत टाकून इथं कुलूप लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मॅडम, तुमच्यावर राग नाई आपला," देवमन म्हणाला. "पन पोरीनं जग कवा पाह्याचं? तितं पोट्टे कॉम्प्युटरवर फॉरेन पाहून राहिले."

"शुक्रवारी गच्चीवर या. मी तुम्हाला दूरची शाळा दाखवते. ते बघा, आणि मग नाव काढायचं तर खुशाल काढा."

"किती दूरची?"

"तेच तर पोरांनी ओळखायचं आहे."

कोर्सची शेवटची परीक्षाच तशी होती. अनोळखी दोन शाळा कॉलवर जोडायच्या. गाव कुठलं हे कुणी सांगायचं नाही. मुलांनी आळीपाळीनं प्रश्न विचारायचे, समोरच्यांनी फक्त 'होय' किंवा 'नाही' म्हणायचं. बरोबर ओळखलं की खेळ संपला, कॉल बंद. जोड्या लावायच्या कोर्स घेणाऱ्या पुण्याच्या जुईली मॅडमनी, आणि त्या नेहमी वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या लावायच्या. मोठ्या माणसांनी अवाक्षर काढायचं नाही. नीलम मॅडमनी पालकांना बजावलं होतं, "जो बोलेल तो जिना उतरेल."

शुक्रवारी गच्चीवर मांडवाचं कापड बांधलं गेलं. टीव्ही देवमनच्याच घरचा. विरोध पण करायचा आणि टीव्ही पण आपलाच द्यायचा, हे वऱ्हाडी माणसाला सहज जमतं. पोरं पुढं बसली, पालक मागं. देवमनची पोरगी प्रणाली चौथीत, वर्गाच्या वतीनं बोलायचं काम तिच्याकडं. तिच्या पाठीशीच तिची आई जयवंता.

कॉल लागला. एका चौकटीत पुण्याहून परीक्षा घेणाऱ्या जुईली मॅडम, आणि बाकी पडद्यावर समोरच्या शाळेचे संघपाल सर आणि त्यांचा वर्ग आला. मागं तिकडचे पालक, आणि कोपऱ्यात खुर्चीवर चष्मा कपाळावर चढवून बसलेला एक म्हातारा. त्याला पाहताच जयवंतानं पदराचा बोळा तोंडात धरला. पायावर पाय टाकून बसलेल्या देवमननं पाय खाली घेतला. मागच्या ओळीत माणसांना एकाएकी खोकला झाला.

म्हातारा म्हणजे बोरगव्हाणचे नत्थुजी. जयवंताचे वडील आणि देवमनचे सासरे. बोरगव्हाण पूर्णेच्या पलीकडच्या काठावर, आसरखेडच्या समोरच. पण नदीचा हा काठ अमरावती जिल्ह्यात आणि तो अकोल्यात, त्यामुळे पुण्याच्या कॉम्प्युटरला दोन्ही गावं लांबची वाटली. नीलम मॅडम बडनेऱ्याच्या, संघपाल सर अकोल्याहून येणारे. दोघांनाही पत्ता नव्हता. आणि ज्यांना पत्ता होता त्यांना बोलायची बंदी होती. शिवाय असा तमाशा सोडून जिना उतरायला कोण तयार होणार?

तमाशा म्हणायचं कारण, सासरा-जावयाचा अबोला. मेव्हण्याच्या लग्नात देवमनला फेटा सगळ्यांच्या शेवटी बांधला, तेव्हापासून त्यानं बोरगव्हाणची वाट सोडली होती. दोन दिवाळ्या झाल्या, जयवंताही माहेरी गेली नव्हती.

सुरुवात छान झाली. इकडच्या एका मुलानं विचारलं, "तुमच्या विहिरीचं पाणी खारं आहे का?"

"होय."

गच्चीवर कुजबुज उठली. सगळा महाराष्ट्र गोडं पाणी पितो आणि खारं आपल्याच नशिबी, असं या पोरांना वाटायचं. आपल्यासारखंच आणखी कुणाचं खारं असेल, तर ते समुद्रावरच्या माणसांचं. तिकडूनही तोच प्रश्न आला, त्याला 'होय' मिळालं, आणि तिकडची पोरंही समुद्रात पडली.

"तुम्ही कधी नावेतून जाता का?"

"होय." पावसाळ्यात पूर्णा भरली की जातातच. आता दोन्ही वर्ग एकमेकांना कोकणात पाहू लागले. नीलम मॅडम मनातून खूश. पोरं डोकं लावत होती.

मग पडद्यावर नत्थुजी वाकले आणि पुढच्या पोराच्या कानाशी काही बोलले. पोरगं उभं राहिलं. "तुमच्या गावात सासऱ्याशी न बोलणारा जावई आहे का?"

नीलम मॅडम गोंधळल्या. जुईली मॅडम मात्र पुण्यातून म्हणाल्या, "वा, कुटुंबव्यवस्थेवरचा प्रश्न. फार सुंदर."

सगळा वर्ग मागं वळला, देवमनकडं नीट पाहून पुढं फिरला. "होय."

आता प्रणालीचा हात वर. "तुमच्या गावात लग्नात जावयाला फेटा सगळ्यांच्या शेवटी बांधतात का?"

तिकडचं पोरगं नत्थुजींकडं बघत राहिलं. नत्थुजी छताकडं बघत राहिले. "होय," पोरगं शेवटी म्हणालं.

"समजूत काढायला माणूस पाठवला, तर त्याला चहा न पाजता वापस लावतात का?" तिकडून आलं.

देवमनचे कान लाल झाले. खोकला आता पूर्ण ओळभर पसरला होता. प्रणालीनं बापाकडं पाहिलं आणि पुढं तोंड करून म्हणाली, "होय."

"सण-समारंभ, पाहुणचार," जुईली मॅडम म्हणाल्या, "किती बारकाईनं विचारताहेत मुलं."

नीलम मॅडमना मात्र आता वास आला होता. त्यांनी जयवंताकडं डोळे वटारले. ही बाई मागून पोरीला प्रश्न पुरवते, दुसरं काय. जयवंतानं पदर आणखी आत कोंबला.

प्रणाली पुन्हा उभी राहिली. "तुमच्या गावातल्या आजोबांना नातीची आठवण येते का?"

या वेळी कुणी खोकलं नाही. नत्थुजींनी कपाळावरचा चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला. तो काही लवकर पुसून होईना. पुढचं पोरगं हळूच म्हणालं, "आबा, होय म्हनू का?" म्हाताऱ्यानं मान हलवली. गच्चीवर बायांनी डोळ्यांना पदर लावले, आणि नीलम मॅडम एकेकीकडं बघू लागल्या. काय झालं ते त्यांना समजेना.

"आता अंदाज सांगा," जुईली मॅडम म्हणाल्या.

"रत्नागिरी," प्रणाली खणखणीत आवाजात म्हणाली.

"नाही."

तिकडून आलं, "मालवण." तेही नाही. म्हणजे खेळ पुढं चालू. तेवढ्यात देवमन उठला आणि टीव्हीसमोर येऊन उभा राहिला.

"भाऊ, मोठ्यांनी बोलायचं नाही," नीलम मॅडम म्हणाल्या.

"बोलून नाई राहिलो मॅडम, प्रश्न विचारून राहिलो." त्यानं घसा साफ केला. "उद्या आमी तिघं जेवाले आलो तं चालते का? होय का नाई, तेवढंच सांगा."

"होय," नत्थुजी म्हणाले. आणि मग नियम गेला खड्ड्यात. "पन जावईबापू, फटफटी नोका आनू. नदीले घोट्याइतकं पानी हाय, पायीच उतरून येजा."

"पायी?" पुण्यातून जुईली मॅडमचा आवाज आला.

झालं. गच्ची हसून लोटपोट झाली, तिकडचा वर्गही हसायला लागला, आणि हसण्याच्या त्या गलबल्यात कुणीतरी नीलम मॅडमना बोरगव्हाण कुठं आहे ते बोटानं दाखवलं. टाकीच्या मागं, बाभळींच्या वर, देवळाचा कळस दिसत होता. महिनाभर त्या टाकीला टेकून त्यांनी कोर्स केला होता, फक्त कळसाकडं पाठ करून.

त्यांचा चेहरा उतरला. पण बाई पळ काढणारी नव्हती. टीव्ही बंद झाल्यावर त्या पालकांसमोर उभ्या राहिल्या. "मी दूरची शाळा दाखवते म्हटलं होतं. नदीपलीकडची निघाली. शब्द मी दिला होता, तो खोटा ठरला. आता नाव काढायचं तर मी अडवणार नाही."

मागचे चौघं देवमनकडं पाहू लागले. तो टीव्हीची वायर सोडवत होता.

"मॅडम, दोन वर्सं झाली, मले तितं जाता आलं नाई," तो म्हणाला. "त्याच्याहून दूर गाव अजून कोनतं दाखवता तुमी? फॉरेनले तं पैसे भरले का जाता येते." मग टीव्ही खांद्यावर घेत म्हणाला, "पोरगी इतंच राहीन. आन् त्या कॉन्व्हेंटात हेच प्रश्न इंग्रजीत विचारले असते, तं माह्या सासऱ्याले काय समजलं असतं?"

चौघांनी माना डोलावल्या आणि तेही जिना उतरले. सासऱ्यासाठी काय न्यायचं यावर देवमनला खालपर्यंत सल्ले मिळत गेले. प्रमाणपत्राचं मात्र जुईली मॅडमनी "वरिष्ठांना विचारून कळवते" एवढंच सांगितलं होतं. नीलम मॅडमना त्या घटकेला त्याची आठवणही नव्हती.

गच्चीवर तिघीच उरल्या. नीलम मॅडम जयवंताकडं वळल्या. "ताई, झालं ते चांगलंच झालं. पण नियम म्हणजे नियम. पोरीला प्रश्न तुम्हीच सांगत होतात ना?"

"मी कायले सांगू, मॅडम? माह्या तोंडात तं पदर होता."

दोघींनी प्रणालीकडं पाहिलं. ती सतरंजीची घडी घालत होती.

"तुला कधी कळलं गं?" मॅडमनी विचारलं.

"आबा दिसले तवाच."

"मग रत्नागिरी का म्हणालीस? बोरगव्हाण म्हणाली असतीस तर आपण जिंकलो असतो."

प्रणालीनं सतरंजीचं दुसरं टोक मॅडमच्या हातात दिलं. "बरोबर सांगतलं असतं तं कॉल बंद झाला असता ना, मॅडम."