उसवलेली शिवण

रेकॉर्डच्या दुकानाच्या काचेत आपल्या मुलाचा फोटो पाहून शिंपीमास्तरांची छाती फुगू लागली होती, तेवढ्यात त्यांची नजर पॅण्टवर गेली आणि छाती जागच्या जागी बसली.

मुलगा ग्लॅम मेटल बॅण्डचा गायक होता. म्हणजे केस पिंजलेल्या कापसासारखे फुगवायचे, डोळ्यांत काजळ घालायचं, ओठांना लिपस्टिक लावायची आणि शेजारी खिडक्या लावून घेईपर्यंत ओरडायचं. मास्तरांना त्यातलं फक्त कापड कळायचं. पहिल्यावहिल्या अल्बमच्या फोटोसाठी चौघांच्या चंदेरी पॅण्टी त्यांनीच शिवल्या होत्या. माझी आणखी घट्ट हवी, असं मुलगा म्हणाला तेव्हा पॅण्टमध्ये माणसाला बसता आलं पाहिजे, असं सांगून त्यांनी विषय मिटवला. मग पोराने गुपचूप स्वतःच मशीनवर बसून ती दोन बोटं आत घेतली. फोटोच्या वेळी त्याने हवेत उडी मारली आणि शिवण मांडीपासून गुडघ्यापर्यंत उघडली. फोटोग्राफरला नेमका तोच फोटो आवडला आणि तोच रेकॉर्डच्या कव्हरवर गेला.

मास्तरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. कापड फाटलं असतं तर खापर गिरणीवर फोडता आलं असतं. इथे शिवण उसवली होती, आणि मास्तरांकडचा कपडा विरेल पण उसवणार नाही, अशी चौकात ख्याती होती. वर मुलाने प्रेमाने रेकॉर्डच्या मागे छापून घेतलं होतं, 'कपडे : आमचे बाबा', खाली दुकानाच्या पत्त्यासह.

"पोराने नाक कापलं माझं," घरी येऊन ते बायकोला म्हणाले.

"मला तर गोड दिसतोय," ती म्हणाली.

मास्तरांनी ठरवलं, ही अब्रू चव्हाट्यावरून उचलायची. ते परत गेले आणि दुकानात होत्या तेवढ्या रेकॉर्डी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी काचेत पुन्हा तोच फोटो. माल हातोहात खपतोय म्हटल्यावर दुकानदाराने तातडीने आणखी मागवला होता. मास्तरांनी तोही उचलला, मग बाजारातल्या दुसऱ्या दुकानातला. कपडे घालून पाहायच्या खोलीत छतापर्यंत रेकॉर्डी रचल्या गेल्या आणि गिऱ्हाइकं शिलाई मशीनच्या आडोशाला पॅण्ट बदलू लागली.

हा अल्बम म्हणे कुठे मिळतच नाही, असं रेडिओवर कोणीतरी बोलून गेलं. मिळत नाही म्हटल्यावर तो सगळ्यांनाच हवासा वाटला. गाणीही बरी असावीत, कारण एकदा नेलेली रेकॉर्ड कोणी परत आणली नाही. अल्बम गाजला. कंपनीने खूश होऊन मास्तरांच्या दुकानासमोरच्या भिंतीवर तोच फोटो दोन मजली उंच लावला. उसवलेली शिवण आता एका मजल्याएवढी झाली.

त्याच सकाळी मुलगा बातमी सांगायला आला आणि कपडे बदलायच्या खोलीचा पडदा सारून तसाच उभा राहिला.

"बाबा, एवढ्या सगळ्या तुम्ही घेतल्यात?" त्याचं काजळ गालावर ओघळलं. "मला वाटायचं, तुम्हाला हे आवडत नाही."

मास्तरांनी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, पण पोराचा चेहरा पाहून शब्द फिरले. "तुझा आवाज चांगला लागलाय," ते म्हणाले. घरात रेकॉर्ड वाजवायचं यंत्र नव्हतं. मुलाच्याही ते लक्षात होतं. पण ते बोलण्याऐवजी त्याने पॅण्ट आपणच आत घेतली होती, हे कबूल केलं. मास्तरांच्या खांद्यावरचं ओझं असं उतरलं की ते खुर्चीवर बसलेच.

एवढ्यात दोन तरुण दुकानात शिरले. त्यांनी समोरच्या भिंतीकडे बोट दाखवून अगदी तश्शीच पॅण्ट मागितली, उघड्या शिवणीसकट. मुलाने खाली मान घातली. मास्तरांनी भिंतीवरची शिवण एकदा निरखून पाहिली. मग त्यांनी गळ्यातली टेप काढली.

"शनिवारी या," ते म्हणाले. "शिवायला एक दिवस पुरे. उसवायला दोन लागतील, ते काम नीट करावं लागतं."