गंजावर तीन हात

सकाळी सहा वाजता रंगाऱ्याला लालभडक लघवी झाली आणि बायको नि मुलगी त्याला तडक दवाखान्यात घेऊन गेल्या. आठ वाजता त्याला मुलीबरोबर शर्यत पळायची होती. आई किंवा बाप आणि मूल, अशा जोडीने पाच किलोमीटर. पुढच्या महिन्यात ती नोकरीसाठी दूर जाणार होती. "बाबा, जायच्या आधी एकदा आपण दोघं पळू या," असं तिने आपणहून म्हटलं होतं, आणि तेव्हापासून आमचे हे गृहस्थ हवेतच होते.

घोळ औषधाच्या दुकानात झाला. फार दमवणारा व्यायाम केला की शरीर आतून गंजतं, असं सांगून दुकानदाराने वनस्पतींच्या अर्काच्या कॅप्सूल पुढे केल्या. आता गंज म्हटल्यावर रंगाऱ्याला कोण शिकवणार! तीस वर्षं त्याने लोखंडी फाटकंच रंगवली होती. आधी अस्तराचा एक हात, मग रंगाचे दोन, आणि मध्ये वाळायला वेळ. डबीवर 'रोज एक' लिहिलेलं असूनही शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याने सकाळी दोन, दुपारी दोन आणि संध्याकाळी दोन घेतल्या. "असलं काही घ्यायचं नाही, नुसता सराव करा," म्हणून मुलीने शपथ घातली होती. साहजिकच डबी रंगाच्या डब्यांमागे लपली.

"काही औषधं, गोळ्या?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मुलगी उशाशीच उभी होती, छातीवर शर्यतीचा नंबर लावून.

"छे छे, काही नाही."

"बीट खाल्लंत काल?"

"बीट? मला त्याचा वाससुद्धा सहन होत नाही."

हे मात्र अगदी खरं होतं. डबीवरची बारीक अक्षरं त्याने वाचलीच नव्हती.

लघवीत रक्त नाही, असा अहवाल आला. त्याने सुटका व्हायची, तर बाईंच्या कपाळावरच्या आठ्या वाढल्या. रक्त नाही, बीट नाही, मग लाल कशाने? त्यांनी सोनोग्राफी सांगितली. साडेसात झाले. मुलगी नंबराच्या पिना काढू लागली.

"अगं, तू जा ना!"

"एकटीला घेत नाहीत, बाबा."

"मग आईला ने."

"अहो, मी? या चपलांवर?" बायको म्हणाली. "आणि तुमच्याजवळ कोण?"

"मला काय धाड भरलीय?"

दहाच्या सुमारास दोघी परतल्या, घामाने निथळत. बायकोची एक चप्पल तुटली होती, पण चेहरा असा फुलला होता की रंगाऱ्याला ती ओळखूच येईना. मुलीने फोनवरचा फोटो दाखवला. मायलेकी हातात हात घालून, तोंड भरून हसत शेवटची रेघ ओलांडत होत्या. त्या हाताच्या जागी आपला हात असायचा होता, हे त्याला फार लागलं. तेवढ्यात बाई आणखी एका तपासणीचा कागद घेऊन आल्या आणि त्याचा धीर सुटला. त्याने सगळं सांगून टाकलं, तीन हातांसकट.

बाईंनी कपाळाला हात लावला. "त्यात बीटाचाच अर्क असणार! अहो, शरीर म्हणजे फाटक नव्हे. सराव केला की ते आपलं आपण सावरायला शिकतं. सकाळीच सांगितलं असतंत, तर लगेच घरी सोडलं असतं. आठला पळाला असतात."

मुलीने फोन पिशवीत ठेवला.

"मला सांगायचं होतंत ना, बाबा," एवढंच ती म्हणाली. तिने आरडाओरडा केला असता, तर त्याला बरं वाटलं असतं.