तिपाई अधांतरी जाहली त्याची हकीकत

माती सर्वांस पोटाशी धरिते, परंतु पाणी पिताच तिची मर्जी फिरते, आणि मग वर राव बसला की रंक हे न पाहता ती त्यास उचलिते. ऐशा मातीचे फुगणे मोजावे याकरिता माती परीक्षण प्रयोगशाळा नामे दौलत उभी राहिली. त्या दौलतीत एका तिपाईवरून जे घनघोर युद्ध जाहले, त्याचे वर्तमान यथामती लिहिले आहे. अधिकउणे असेल ते वाचणाराने सांभाळून घ्यावे.

दौलतीचे सुभे दोन. दारापासून माती वाळविण्याच्या भट्टीपर्यंतचा मुलूख रस्त्यांची माती तपासणाऱ्या रस्तेवाल्यांचा, आणि भट्टीपासून मोरीपर्यंतचा इमारतींच्या पायाची माती तपासणाऱ्या पायावाल्यांचा. दोहोंवर खासे मोठेसाहेब राज्य करीत, म्हणजे काचेच्या खोलीत बसून सह्या करीत. रस्तेवाल्यांच्या सुभेदारांस लोक मागून ‘किल्लेदार’ म्हणत, कारण दौलतीतील एकुलती एक तिपाई त्यांच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्यांच्या जेवणाच्या डब्यात, आणि डबा त्यांच्या मांडीवर.

ही तिपाई म्हणजे तीन पायांची चौकट, मधोमध घड्याळासारखी तबकडी आणि तबकडीखाली सरकती दांडी. लोखंडी साच्यात माती ठोकून भरावी, वर भोकांची चकती व वजने ठेवावी, साचा टाकीतल्या पाण्यात बुडवावा, आणि मग साच्याच्या काठावर तिपाई उभी करून दांडी चकतीच्या खुंटीस टेकवावी. माती फुगली की दांडी वर सरकावी आणि सुई फिरावी, असा शास्त्राचा हुकूम होता.

पायावाल्यांच्या सुभ्यात एक नायब परीक्षक होत्या, त्यांस सर्व नायबबाई म्हणत. त्यांची थोरली नणंद बालवाडी चालवी. जुन्या बालवाडीची फरशी एके पावसाळ्यात ऐशी फुगली की दार जागीच अडकले, आणि पोरांस एकेक करून खिडकीतून बाहेर काढावे लागले. आता नवी जागा मिळाली होती, तेथील भरावाची माती परीक्षेस आली होती, आणि तीही त्याच काळ्या रंगाची. सबब रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात तगादा होई.

“वहिनी, आमची माती बुडवली का पाण्यात?”

“तिपाई मिळाली नाही अजून, वन्सं.”

“म्हणजे एका स्टुलापायी माझी पोरं अडलीत?”

“स्टूल म्हणू नका. किल्लेदारांच्या कानावर गेलं तर माझ्याशी बोलणं बंद करतील.”

“मग रोज म्हणते. तेवढीच तुला शांतता.”

नायबबाईंनी प्रथम सामोपचाराने वकील पाठविला, तो चहा पिऊन रिकाम्या हाती परतला. मग अर्ज गुजरला, त्यावर किल्लेदारांचा जबाब आला की तिपाई रस्त्यांच्या कामी नामजाद आहे, आणि पाया हा रस्ता नव्हे. मग बाईंनी मसलत करून पाहिले की नळ व मोरी आपल्याच मुलखात आहेत, आणि भट्टीच्या सरहद्दीवर मातीची पोती रचून वाट बंद केली. रस्तेवाल्यांची रसद तुटली. चहा गेला, हात धुणे गेले, आणि दुपारी जेवणानंतर खरकट्या हातांचे किल्लेदार जातीनिशी पोत्यांपाशी येऊन तहास राजी जाहले. डबा उघडला, आणि लोणच्याच्या वासासह किल्ली हवाली जाहली.

मखमली पेटीतून तिपाई निघाली, तिजबरोबर कागदाच्या घड्यांचे एक पुडकेही निघाले.

“हे कशाला?” नायबबाईंनी विचारले.

“दर परीक्षेत शेवटी शेवटी डगमगते ती. पायांखाली घड्या सारायच्या. आम्ही पहिल्यापासून सारतो.”

“पण डगमगते का?”

“वय झालंय तिचं,” किल्लेदार म्हणाले, आणि दांडीवरची पितळी चिमटी त्यांनी रुमालाने पुसली. इतकी वर्षे पुसून पुसून त्यांनी ती सोन्यासारखी केली होती.

मग साचा बुडाला, तिपाई चढली, आणि रोज सकाळी बाई सुई पाहात, तो सुई शून्यावर. मोठेसाहेबांनी बहुत संतोष पावून ‘फुगवटा शून्य’ ऐसा अहवाल आगाऊ टंकून ठेविला. मुदत संपता संपता तिपाई डगमगू लागली. बाईंनी रिवाजाप्रमाणे एका पायाखाली घडी सारली, ती सहज गेली. दुसऱ्या पायाखाली सारली, तीही गेली. तिसऱ्याखालीही गेली. डगमगणाऱ्या स्टुलाचा एक पाय आखूड असतो, येथे तिन्ही पाय अधांतरी होते. माती फुगली होती, दांडी हलेना, म्हणून मातीने अवघी तिपाईच खांद्यावर उचलली होती.

ती पितळी चिमटी प्रवासात दांडी हलू नये म्हणून कारखान्याने बसविली होती, आणि पेटी उघडल्यावर काढून टाकावयाची होती. बाईंनी घड्या ओढून चिमटी काढिली, तोच तिपाई काठावर बसली आणि सुई भरधाव सुटली. जुन्या बालवाडीची माती याच तिपाईने मोजून शून्य भरली होती, हे ध्यानी येताच बाई तडक काचेच्या खोलीकडे निघाल्या.

मग दरबार भरला. किल्लेदार चिमटी मुठीत धरून उभे राहिले. मोठेसाहेबांचे फर्मान निघाले की सुईने इतकी वर्षे शून्य दाखविले, तिच्या सेवेचा मान राखावा, चिमटी पूर्ववत बसवावी, आणि टंकलेला अहवाल रवाना करावा. बाईंनी वाद घातला नाही. हळू आवाजात इतकेच म्हणाल्या, “चालेल, साहेब. नव्या बालवाडीच्या उद्घाटनाचे पाहुणे तुम्हीच आहात. कार्यक्रम आतल्या खोलीत आहे.”

“बरं, मग?”

“तिथल्या खिडकीला गज आहेत.”

साहेबांनी गजांचा विचार केला, आणि मग स्वहस्ते शून्यावर काट मारून सुईचा आकडा लिहिला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात वर्तमान पोचले.

“फुगते, वन्सं. सगळी काढून दुसरी भरणार आहेत.”

“मग दार?”

“उघडेल.”

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. काळी माती उपसून मुरूम पडला, त्याचे श्रेय मोठेसाहेबांच्या दूरदृष्टीस लिहिले गेले, आणि तिपाई पायावाल्यांच्या मुलखात, मोरीजवळच्या उघड्या फळीवर कायम जाहली. जुन्या अहवालांविषयी असा निवाडा ठरला की तेव्हा तिपाई तरुण होती, सबब ते सर्व खरे मानावे. जुन्या बालवाडीचे दार अद्याप अडकलेलेच आहे, आणि दप्तरी ते उघडे आहे.