सुंदरेशरावांची बेपत्ता झोप

"शिडी धरायला कोणी नको! पूल बांधलेत मी, पूल!" असं बजावून निवृत्त इंजिनियर सुंदरेशराव माळ्यावरची पितळी समई काढायला चढले आणि समई, शिडी, सुंदरेशराव असे तिघंही एकदमच खाली आले. समईच्या टोकावरचा भरीव हंस बरोब्बर त्यांच्या टाळूवर उतरला!

डॉक्टर शिवरंजनी कुंभकोणमातल्याच, त्यांच्यासारख्याच जुन्या तंजावरी मराठी घरातल्या. त्यांनी विचारलं, "काका, डोक्यावर काय पडलं?"

"हंस."

डॉक्टरीणबाई चपापल्या. "बरं... आज वार कोणता?"

"वार? हंसाचाच!"

ताबडतोब डोक्याचे फोटो निघाले. बायकोनं, अंबुजाबाईंनी, समईची हकीकत सांगितली तेव्हा कुठे डॉक्टरीणबाईंच्या जिवात जीव आला. मेंदूला हादरा बसला होता, बाकी सगळं ठीक होतं. विश्रांती घ्या, झोपा, म्हणाल्या.

आणि नेमकी तिथंच गाडी अडली. रोज सकाळी कॉफीचा टंबलर हातात घेऊन सुंदरेशराव जाहीर करत, "रात्रभर टक्क जागा!"

"अय्यो! मग घोरत कोण होतं?" अंबुजाबाई विचारत. "भाताची गिरणी चालली होती नुसती!"

"मी घोरलो असतो तर मला ऐकू आलं नसतं?"

पुराव्यासाठी सुंदरेशराव रात्री मध्येच बायकोला हलवून उठवू लागले. "अंबुजा, बघून ठेव, मी जागा आहे!" बाई डोळे चोळत बघेपर्यंत ते पुन्हा घोरत असत! आणि बाई बसत छताकडे बघत.

सगळ्या गल्लीत बातमी झाली. कोणी खसखस दिली, कोणी तेल दिलं. एकानं तर आपलं भजन ऐकवलं. समोरचे तीन म्हातारे झोपले. सुंदरेशराव म्हणे जागेच!

शेवटी डॉक्टरांनी त्यांच्या मनगटाला झोप मोजणारा पट्टा बांधला. आठवड्यानं निकाल आला: गाढ झोप.

"पट्ट्यालाच झोप लागली असेल!" सुंदरेशराव कडाडले.

"काका, तुम्ही खोटं बोलत नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "डोक्याला मार बसल्यावर पुष्कळांचं असं होतं. झोप होते, पण झाली असं वाटत नाही. दमणूक मात्र खरी असते."

सुंदरेशरावांचा आवाज एकदम खाली आला. "म्हणजे डोकं फिरलेलं नाही माझं? खरं सांगू, तेवढंच भ्यालो होतो मी." आणि उसळून म्हणाले, "हे अंबुजाला सांगा!"

अंबुजाबाई शेजारच्या खुर्चीत, मांडीवर पिशवी ठेवून, तोंड उघडं टाकून ठार झोपल्या होत्या.

"जागरणं यांची झाली आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "यांना आधी चार दिवस कुठेतरी पाठवा."

अंबुजाबाई आडुतुरैला बहिणीकडे, वसंताकडे गेल्या. घर निवांत, गादी मऊ, पण डोळा लागेल तर शपथ! नुसत्या कूस बदलत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"अंबुजा, इथं झोप नाही मला. तू नाहीस ना... घर कसं अगदी..." आणि पुढे, "घर्रर्र!"

बाईंनी फोन हळूच उशीवर ठेवला. वसंता कॉफी घेऊन आली तर फोन घोरतोय आणि फोनशेजारी ताईही घोरतेय!

दिवेलागणीला फोनमधून आवाज आला, "एवढा वेळ मी एकटाच बोलतोय! निजलीस ना तू?"

अंबुजाबाई दचकून उठून बसल्या.

"छे! मी कसाला निजू?" त्या ठसक्यात म्हणाल्या. "शब्द न् शब्द ऐकत होते!"