वर्तुळ भरेना

पडद्यावर वर्तुळे काढून देणारी ‘रेघ’ नावाची एक फुकट सॉफ्टवेअर लायब्ररी होती. कोणत्याही ॲपने तिला आकडे द्यावेत, तिने टक्केवारीनुसार वर्तुळ भरून दाखवावे. ती कुठे कुठे वापरली जाते हे कुणालाच ठाऊक नव्हते. गेली काही वर्षे तिला कुणी सांभाळत नाही, हेही कुणाच्या लक्षात आले नव्हते.

येरवड्यातल्या आम्रपाली ओव्हाळला नोकरीतल्या कामात ‘रेघ’मधली एक चूक सापडली. काम ऐंशी टक्के झाले, की वर्तुळ पूर्ण भरायचे. तिने मूळ कर्त्याला मेल पाठवून पाहिले, उत्तर नाही. शेवटी पत्ता शोधत ती कसबा पेठेत गेली. ‘रेघ’चे कर्ते बद्रीनाथ पारखी यांनी दार अर्धेच उघडले.

“सर, ‘रेघ’ कुणी सांभाळत नाही का?”

“सांभाळतं की.”

“कोण?”

“आपण. दार वाजवलंत ना?”

त्यांनी तिथेच लॅपटॉप उघडून सर्व अधिकार तिच्या नावावर केले. आतून न मागता चहा आला, तेव्हाच तिने सावध व्हायला हवे होते.

आम्रपालीने चूक दुरुस्त केली आणि नवी आवृत्ती जगाला दिली; ‘रेघ’ वापरणाऱ्या ॲपनी ती आपोआप उचलली. सोमवारी एका खात्याच्या उपसंचालकांचा, नागोरावांचा फोन आला.

“मॅडम, शुक्रवारपर्यंत आमची सगळी झाडं लावून झाली होती. आज वर्तुळात ऐंशी टक्केच दिसतायत. उरलेली झाडं आपण कुठं नेलीत?”

“सर, ती लावलीच नव्हती.”

“सत्कार झालाय, मॅडम. शाल परत करायची का?”

पाठोपाठ एका कंपनीच्या अधिकाऱ्याने फोनवर तिच्याकडे लेखी खुलासा मागितला.

“अहो, मी तुम्हाला सेवा देतच नाही,” आम्रपाली म्हणाली.

“तेच म्हणतोय. इतकी वर्षं कुणीच देत नव्हतं, तेव्हा काही अडचण नव्हती.”

ती बधली नाही. खोटे वर्तुळ काढणार नाही, असे तिने सर्वांना कळवले. संध्याकाळी घरी आली तर आई, कांताबाई, फोन हातात धरून बसलेल्या. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्या रोज सकाळी चालायच्या आणि किती चालून झाले ते फोनवरच्या वर्तुळात पाहायच्या.

“आमू, माझं वर्तुळ भरेना गं.”

“आई, आधी ते खोटंच भरत होतं.”

“मग माझी साखर कशी उतरली?”

“गोळी वाढवली म्हणून.”

दुसऱ्या दिवशी कांताबाई फिरायला गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही बूट कोपऱ्यातच राहिले.

आम्रपालीने तो आठवडा कसाबसा काढला. मग तिने आणखी एक आवृत्ती काढली. तिच्यात दोन पर्याय होते: ‘काटेकोर’ आणि पूर्वीसारखे ऐंशीलाच वर्तुळ भरणारा ‘उदार’. वाद नको म्हणून आपोआप चालू होणारा पर्याय ‘उदार’ ठेवला. तक्रारी त्याच दिवशी थांबल्या. नागोरावांनी हात जोडल्याचे चित्र पाठवले. कांताबाई बूट घालून बाहेर पडल्या आणि घामाघूम, खुशीत परतल्या.

‘काटेकोर’ची सोय सेटिंगच्या पहिल्याच पानावर आहे, शुद्ध मराठीत आहे आणि फुकट आहे. ती चालू करणारा माणूस आम्रपालीला अजून भेटायचा आहे. आपल्या फोनवरचे वर्तुळ आज पूर्ण भरले असेल, तर हार्दिक अभिनंदन.